शुगर उतरली की पावणं सांगतात

बारीक झाल्याचं कौतुक

आजार अंगात शिरला तेव्हा माझं जेवढं कौतुक झालं, तेवढं लग्नातही झालं नव्हतं. दोन-तीन महिन्यांत मी अशी काही बारीक झाले की सगळे ब्लाऊज दोन्ही बाजूंनी आत घ्यावे लागले. जावा कोपऱ्यात गाठून विचारायच्या, "काय खातीस गं? आमालाबी सांग की." त्यांना वाटायचं मी काहीच खात नाही. प्रत्यक्षात मी दिसेल ते खात होते आणि वर माठभर पाणी पीत होते. उन्हाळा आहे, असं म्हणायचे. उन्हाळा संपला तरी म्हणत राहिले.

मी कोल्हापुरातल्या एका बस स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसते आणि माइकवरून गाड्या पुकारते. कुठलं स्टँड ते सांगत नाही. का सांगत नाही, ते पुढे वाचलंत की कळेल.

एका सकाळी उलट्या थांबेनात. प्रकाशनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, मला गाडीवर मागे बसवून ओढणीनं स्वतःशी बांधून घेतलं आणि दवाखाना गाठला. डॉक्टरांनी बोटातून रक्ताचा थेंब घेतला, मशीन बघितलं, मशीन पुसलं, परत थेंब घेतला. मग दुसरं मशीन मागवलं. मग माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही इथंपर्यंत आलात कशा?"

"गाडीवरून."

"ॲडमिट व्हा."

"उद्या होते. आज दुपारची ड्यूटी आहे."

"आत्ता," ते म्हणाले, आणि मी आडवी झाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची ओढून नीट समजावलं. हा म्हाताऱ्या माणसांचा मधुमेह नव्हे, टाइप वन. शरीरानं इन्सुलिन करायचं बंद केलंय, आता ते बाहेरून घ्यायचं. रोज. जन्मभर. मला फक्त शेवटचा शब्द ऐकू आला. काहीतरी विचारायला पाहिजे म्हणून मी विचारलं, "संकष्टीलासुद्धा?"

"संकष्टीला तर आधी मला फोन करायचा," डॉक्टर म्हणाले.

काकवीवाल्या आजी

दवाखान्यात दिवस सुईनं उजाडतो. अजून डोळे चिकटलेले असतात आणि कोणीतरी तुमचं बोट मागतं. माझ्या शेजारच्या कॉटवर राधानगरीकडच्या एक आजी होत्या, शुगर वाढून आलेल्या. त्यांच्या उशाखाली काकवीची बाटली असायची. सिस्टर ती जप्त करायच्या, दुपारी आजींची लेक यायची आणि संध्याकाळी उशी परत उंच व्हायची. "औषध हाय ते," आजी मला डोळा घालून सांगायच्या.

भेटायला येणारे पेढे घेऊन यायचे. पेढे चालत नाहीत म्हटल्यावर स्वतः खायचे आणि खाता खाता त्यांच्या ओळखीत शुगरनं कोण कोण गेलं ते सांगायचे. कुणाचा पाय गेला, कुणाचे डोळे गेले. निघताना म्हणायचे, "तू काय काळजी करू नकोस."

पहिलं इंजेक्शन स्वतःच्या हातानं घ्यायची वेळ आली, तेव्हा मी सुई पोटाशी धरून कितीतरी वेळ बसून राहिले. सिस्टर शेजारी उभ्या होत्या. शेवटी शेजारच्या कॉटवरून आवाज आला, "टोच की गं बाई. तुझ्याकडं बघत बसल्यात आनि माझा च्या गार व्हायलाय." मी हसले आणि हसता हसता सुई गेली. मुंगी चावल्याइतकंच दुखलं.

पण मी काही शूर नव्हते. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडत होते. बादली भरून वाहायची, बाहेर आजी म्हणायच्या, "किती अंघोळी करती ही." मला मरणाची भीती वाटत नव्हती. रोज सकाळी उठून हे सगळं आठवणीनं करत राहायचं, याची भीती होती. तुमच्यापैकी कोणी आज त्या नळाखाली असेल तर एवढंच सांगते की ते पुढं दात घासण्यासारखं होतं. दात घासायचा कंटाळा येतो, तसा याचाही येतो. रडू मात्र येत नाही.

राधानगरीला जाणाऱ्यांनी विचार करा

शुगर वाढते हे सगळ्यांना माहीत असतं. ती उतरते आणि उतरली की माणूस फार लवकर आडवा होतो, हे मला आजारी पडल्यावर कळलं. इन्सुलिन घेतलं आणि जेवायला उशीर झाला की ती घसरते. पहिली काही वर्षं माझं शरीर आधी सांगायचं. हात थरथरायचे, घाम फुटायचा, मी दोन चमचे साखर खायची, विषय संपला. मग हळूहळू त्यानं सांगणंच सोडलं. काही जणांचं असं होतं, डॉक्टर म्हणाले. आता शुगर उतरली की ती थेट डोक्यात जायची आणि मी भांडायला लागायची. मला स्वतःला त्यातलं काही कळायचं नाही. आणि कोल्हापुरात माणूस मोठ्यांदा भांडतंय म्हणजे ते आजारी आहे, असं कोण समजणार?

एका दुपारी जेवणाचा डबा उघडायचा राहिला. मला आठवत नाही, पण एका प्रवाशानं मोबाइलवर घेतलंय, त्यामुळं नाकारताही येत नाही. माइकवरून माझा आवाज येतो, अगदी नेहमीचा, ठसठशीत: "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. राधानगरीला जाणाऱ्यांनी जरा विचार करावा. तिकडं धो धो पाऊस लागलाय. भिजून आल्यावर मला सांगायचं न्हाई." मग थोडा श्वास. "निळ्या शर्टातलं पावणं, तुमी सारखं सारखं खिडकीत येऊ नका. गाडी आली की मी बोंबलतेच की."

स्टँडवर टाळ्या पडल्या म्हणे. दोन बायका खरंच पिशव्या उचलून घरी परत गेल्या.

पास काढून देणाऱ्या शोभाताई शेजारच्याच खिडकीत होत्या. त्यांना शंका आली. त्या पळत चहाच्या टपरीवर गेल्या आणि साखर मागितली. टपरीवाला सगळ्यांचं सगळं जाणणारा. "मनीषावैनींस्नी शुगर हाय," तो म्हणाला. "त्यांना साखर कशी दीन मी? काय झालं म्हंजे माज्यावर यायचं." शोभाताईंनी वाद घातला नाही. "मग माझ्यासाठी दे," म्हणाल्या आणि मूठभर साखर आणून माझ्या तोंडात घातली. मी त्यांच्या बोटाला चावले. ती खूण अजून आहे आणि त्या ती नव्या लोकांना दाखवतात.

साहेबांनी मला माइकवरून काढून सापडलेल्या वस्तूंच्या टेबलावर बसवलं. रागानं नाही. मला जपण्यासाठी. छत्र्या, चष्मे, एकेक चप्पल. तिथं मला कळलं की आपला आवाज गेल्यावर माणूस कसा होतो.

"शुगर बघितलीस का?"

घरी त्याहून वाईट झालं. मी आवाज चढवला की प्रकाश म्हणायचा, "शुगर बघितलीस का?" तो घाबरलेला असायचा, हे मला आता कळतं. त्यानं एकदा मला आंघोळीच्या मोरीत पडलेलं बघितलं होतं. पण ओला टॉवेल गादीवर टाकल्याबद्दल मी ओरडत असताना समोरचा माणूस म्हणाला, "शुगर बघितलीस का?" तर काय वाटतं, ते त्या जागी उभं राहिल्याशिवाय समजत नाही. मी चिडून बोट टोचायचे आणि मशीन त्याच्या नाकासमोर धरायचे. आकडा बरोबर असायचा. टॉवेल तिथंच असायचा.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांनी साखरेचा डबा कुलपात ठेवला होता. त्यांचं म्हणणं सरळ होतं: साखरेचा आजार, साखर बंद. उतरलेली शुगर हा प्रकार त्यांना डॉक्टरांनी काढलेलं खूळ वाटायचं. मला सवत असती तरी त्या घरात तिच्यावर एवढी नजर राहिली नसती, जेवढी माझ्यावर होती. सतत दोघं माझ्या चेहऱ्याकडे बघत. मी त्या दोघांवर प्रेम करत होते आणि दोघांचा मला वीट आला होता.

दोन दिवसांचं पावणं

प्रकाशचे मामा कोडोलीचे. लष्करात कुत्री शिकवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. निवृत्त झाले तरी सगळे त्यांना सुभेदारच म्हणतात. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि ते आपलं कुत्रं आमच्याकडं सोडून गेले. पिवळसर, मोठं, अर्धं लॅब्राडॉर आणि अर्धं कोडोली. "दोन दिवसाचं पावणं हाय," ते आत्यांना म्हणाले. कुत्र्याला नाव होतं, पण ते इंग्रजी होतं आणि आत्यांच्या तोंडात बसेना. त्या पावणंच म्हणायला लागल्या. पावण्याला अरे-तुरे करायची पद्धत आमच्या घरी नाही. "पावणं, सरका." "पावणं, दूध पिलासा का?" मीही तेच उचललं.

मला कुत्र्यांची आवड नव्हती. हे मात्र माझ्या मागं मागं. दुसऱ्या दिवशी मी कांदा चिरत आत्यांशी वाद घालत होते, तर पावणं आले आणि पुढचा पंजा माझ्या मांडीवर मारायला लागले. हाकललं. परत आले. हात चाटायला लागले, मग भुंकले. आत्या म्हणाल्या, "भूक लागलीया त्यास्नी." त्यांनी भाकरी टाकली. पावण्यांनी भाकरीकडं ढुंकूनही बघितलं नाही. तेव्हा प्रकाश घाबरत घाबरत म्हणाला, "मी काही म्हणत नाही. पण शुगर बघतेस का?" बघितली. पार तळाला होती.

एकदा झालं म्हणजे योगायोग. आठवड्यात परत झालं, मग परत. सुभेदार मामा डोळ्याला हिरवी पट्टी लावून कुत्रं न्यायला आले, त्यांना सांगितलं. ते गंभीर झाले. "दारूगोळा हुडकणारी कुत्री शिकवली मी," ते म्हणाले. "ह्याला शिकवायला गेलो तर ह्यो सोफ्याखाली झोपायचा. मला वाटलं मठ्ठ हाय. मठ्ठ न्हवं, त्याला कामच पटलं न्हवतं."

मग कुत्रं आमच्याकडंच राहिलं, मामा कोडोलीहून येत राहिले आणि रीतसर शिक्षण सुरू झालं. शुगर उतरली की माझ्या अंगावर असेल-नसेल तेवढा घाम कापसाच्या बोळ्यावर टिपायचा, डबीत भरायचा, फ्रीजरमध्ये ठेवायचा. मामा त्या डब्या घरभर लपवायचे आणि पावण्यांनी हुडकायच्या. आत्यांना एकदा मटाराच्या पिशवीमागं सात-आठ डब्या सापडल्या. काय आहे विचारल्यावर मामांनी खरं सांगितलं. आत्यांनी फ्रीज रिकामा करून दोनदा धुतला आणि नंतर एक जुना छोटा फ्रीज मामांच्या नावानं गॅलरीत गेला.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. पण हुरळलेही नाहीत. "नाक चुकतं. मशीनही चुकतं," ते म्हणाले. "दोन्ही ठेवा. कुत्रं आहे म्हणून बोट टोचायचं सोडलंत तर मी कुत्र्यालाच बोलावून रागवेन." पावणं चुकतातही. भडंगाची पुडी फोडली तरी कधीकधी पंजा मारतात. तेवढी लबाडी मी त्यांना माफ केली आहे.

त्या काळात मला सगळ्यात जड गेलं ते कुत्र्याचं ऐकणं. त्यांनी पंजा मारला की हातातलं सगळं सोडून मशीन काढायचं, हा मामांचा हुकूम. आणि नेमकी तेव्हाच मला खात्री असायची की मी एकदम ठणठणीत आहे आणि जगच चुकतंय. मी पावण्यांशी वाद घालायचे. ते वाद घालत नाहीत. फक्त पुन्हा पंजा मारतात, पुन्हा, पुन्हा. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्यापेक्षा हट्टी भेटलं.

आणि एक फायदा असा झाला, जो कुठल्याच डॉक्टरनं सांगितला नव्हता. मी ओरडायला लागले की प्रकाश आता माझ्याकडं बघत नाही, पावण्यांकडं बघतो. पावणं उठले तर तो साखर आणतो. पावणं झोपलेलेच राहिले तर तो मुकाट्यानं टॉवेल उचलतो.

कुत्र्याला पण शुगर हाय व्हय?

बाहेर जायचं म्हणून मामांनी कापडी जाकीट शिवून घेतलं. एका खिशात ग्लुकोजच्या गोळ्या, साखरेच्या पुड्या, मशीन. पाठीवर मोठ्या अक्षरात: "मी कामावर आहे. हात लावू नये." लोक हे मोठ्यांदा वाचतात आणि वाचता वाचता हात लावतात.

केएमटी बसच्या स्टॉपवर एकदा एका काकांनी मला बारकाईनं न्याहाळलं.

"बाई, आंधळी हाईस व्हय?"

"न्हाय काका. मला शुगर हाय."

"मग कुत्र्याला पण शुगर हाय व्हय?"

"न्हाय. माझी शुगर उतरली की ते सांगतात."

"कसं सांगतात? बोलतात?"

"पंजा मारतात."

काका विचारात पडले. बस आली, गेली. "आमची मंडळीबी मारती," ते शेवटी म्हणाले. "पर ती कशानं मारती ते कळत न्हाय."

नावाचा घोटाळा तर रोजचा. भाजी मंडईत मी खालच्या आवाजात म्हणायची, "पावणं, थांबा," आणि तीन अनोळखी माणसं पिशव्या घेऊन थांबायची. "पावणं, पुढं चला" म्हटलं की रांग पुढं सरकायची. मामा म्हणाले, नाव बदलू. आत्यांनी नकार दिला. "त्यास्नी सवय झालीया आता. आनि मलाबी."

जाकीट अंगावर असलं की पावणं सरळ चालतात, मटणाच्या दुकानावरूनसुद्धा मान वळवत नाहीत. घरी येऊन जाकीट उतरवलं की पाच मिनिटांत आत्यांची चप्पल पळवतात. मला हे फार आवडतं. त्यांनाही ड्यूटी आहे आणि ड्यूटी संपते.

सगळं काही गोड नव्हतं. माझा आजार आधी पर्समध्ये मावायचा. आता तो चार पायांवर माझ्या शेजारून चालायला लागला. साडीच्या दुकानात, बँकेत, सगळीकडं आधी आजाराची कहाणी सांगायची आणि मग आपलं काम. काही ठिकाणी आत घेतलं नाही. मी दोनदा भांडले, एकदा गप परत आले. परत आले तो दिवस जास्त दुखला.

पण स्टँडवर साहेबांनी महिनाभर बघितलं आणि मला परत माइकवर बसवलं. पावणं टेबलाखाली असतात. पहिल्याच दिवशी भर पुकारणीत त्यांनी पंजा मारला. मी म्हटलं, "प्रवाशांनी दोन मिनिटं थांबावे," गोळ्या खाल्ल्या आणि पुढची गाडी पुकारली. कुणाला काही कळलंही नाही.

साखरपुडा

प्रकाशच्या चुलतभावाची मुलगी, प्राजक्ता, तिचा साखरपुडा बिद्रीजवळच्या एका हॉलमध्ये होता. मुलाकडचे मोठे लोक. आम्ही पोचलो आणि दारातच चुलतदीर आडवे आले. "वैनी, एवढं एक करा. कुत्रं आज भाईर ऱ्हाऊ दे. पावण्यांच्या आईला न्हाई चालत." हे पावणं म्हणजे होणारे जावई; आमच्याकडं मुलाकडच्या सगळ्यांनाच पावणं म्हणतात.

मी प्रकाशकडं बघितलं. तो म्हणाला, "तासाभराचा तर प्रश्न आहे."

मला नाही म्हणता आलं असतं. पण पोरीचा दिवस होता, सगळे नटलेले होते आणि मीही काठापदराची नेसले होते. वाटलं, एक दिवस तरी आजाराशिवाय मिरवावं. पावण्यांचं जाकीट काढून मामांच्या गाडीत ठेवलं आणि त्यांना पोर्चच्या सावलीत सुभेदार मामांजवळ बसवलं. ते उभे राहून माझ्याकडं बघत राहिले. मी मागं वळून बघितलं नाही.

आतून निरोप आला, पानं वाढतायत. मी कोपऱ्यात जाऊन इन्सुलिन घेतलं. आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की सत्कार राहिलेत. आमच्याकडं सत्कार म्हणजे फेटा, शाल, नारळ आणि प्रत्येकाचे दोन शब्द. सरपंच झाले, चेअरमन झाले, मुलाचे मामा, मुलीचे मामा, हॉलचे मालक. पानं तशीच. मी टाळ्या वाजवत होते. जास्तच वाजवत होते, असं आत्या नंतर म्हणाल्या.

पुढचं काही मला धुरकट आठवतं, काही प्रकाशनं सांगितलं. मुलाकडची मंडळी फोटोसाठी स्टेजवर उभी राहिली होती. तेवढ्यात बाहेर मामांच्या हातातला पट्टा सुटला आणि पावणं हॉलमध्ये घुसले. खुर्च्यांच्या मधून, कुणाच्या पैठणीवरून, सरळ माझ्याकडं. दोन्ही पंजे माझ्या मांडीवर. मला भयंकर राग आला. माझी शुगर उत्तम आहे आणि हा प्राणी माझी अब्रू घालवतोय. मी उभी राहिले आणि माइकची सवय असलेल्या आवाजात ओरडले, "पावणं! गप खाली बसा की! कवापास्नं बघतीया, काय चाललंय तुमचं?"

स्टेजवर मुलाचे वडील बसले. त्यांच्याबरोबर त्यांचे दोन भाऊ, सरपंच आणि चेअरमनही बसले. खुर्च्या नव्हत्या, ते स्टेजच्या काठावर बसले.

उभे राहिले ते एकटे पावणं. पुन्हा पंजा, पुन्हा.

प्रकाशच्या लक्षात आलं. तो ओरडला, "साखर! कोणीतरी साखर आणा!" गोळ्या जाकिटात, जाकीट गाडीत, गाडीची किल्ली मामांकडं आणि मामा कुत्र्याच्या मागं धावताना चष्मा हरवून बसलेले. एकानं पेढ्यांचं ताट पुढं केलं, दुसऱ्यानं ते मागं ओढलं. "अरं तिला शुगर हाय! पेढा देतुयास? मारतुयास का काय?" एक डॉक्टरकीचं ज्ञान असलेले गृहस्थ म्हणाले, कारल्याचा रस मिळतो का बघा. मी तोवर खुर्चीच्या पाठीला धरून हळूहळू खाली सरकत होते आणि तरी म्हणत होते की मला काही झालेलं नाही.

तेव्हा आत्या उठल्या. साखरेच्या डब्याला कुलूप घालणाऱ्या माझ्या आत्या. त्या स्टेजवर गेल्या, मुलीच्या ओटीत घालायला सजवून ठेवलेला, जरीच्या कागदातला साखरेचा पुडा उचलला, दातांनी फाडला आणि खाली येऊन माझ्या तोंडात साखर भरायला लागल्या. "गीळ," म्हणाल्या. "बोलू नगंस. गीळ."

मी गिळली. ब्लाऊजवर, पदरावर, पावण्यांच्या डोक्यावर, सगळीकडं साखर. थोड्या वेळानं जग परत आपापल्या जागी आलं आणि पहिली गोष्ट मला दिसली ती आत्यांचा चेहरा. त्या रडत नव्हत्या. घाबरल्या होत्या. इतकी वर्षं मी ज्याला नजर समजत होते, ते हेच होतं.

मग मला फाटलेला पुडा दिसला आणि जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. साखरपुड्याचाच पुडा! चुलतदीर डोक्याला हात लावून बसले होते. मुलाच्या आई स्टेजवरून उतरल्या. आता लग्न मोडतं, असं सगळ्या हॉलला वाटलं. त्या माझ्यासमोर आल्या, खाली वाकल्या आणि आपला हात पावण्यांच्या नाकापुढं धरला.

"माझी किती हाय बघ की रं," त्या हळूच म्हणाल्या. "सकाळपास्नं चक्कर यायलीया. कुणाला बोलली न्हाई."

मी सांगितलं की पावण्यांना फक्त माझंच कळतं. पण माझं मशीन होतं. प्रकाशनं पळत जाऊन आणलं. त्यांची वाढलेली होती, बरीच. त्यांना पाणी दिलं, त्यांची रोजची शुगरची गोळी दिली, बसवलं. तोवर मागं रांग लागली होती. चेअरमन फेट्यासकट हात पुढं करून उभे होते. त्या दिवशी बिद्रीच्या त्या हॉलमध्ये मी दरवेळी सुई बदलून निम्म्या वऱ्हाडाची बोटं टोचली. पुडा दुसरा आणला. पोरगी हसून हसून बेजार झाली होती, म्हणून फोटोत तिचं काजळ पसरलेलं आहे.

एवढंच सांगायचं

हे मी कुत्रं पाळा म्हणून लिहीत नाही. सगळ्यांना ते जमत नाही, सगळ्या कुत्र्यांनाही जमत नाही. पण शुगरवाला माणूस अचानक विचित्र वागायला लागला, घामेजला, भांडायला लागला आणि त्याला गिळता येत असेल, तर आधी साखर द्या आणि वाद मागाहून घाला. शुद्धीवर नसेल तर तोंडात काही कोंबू नका, दवाखाना गाठा. आणि कामावरच्या कुत्र्याला हात लावायचा मोह झालाच, तर त्याच्या माणसाला आधी विचारा. आम्ही बहुतेक नाहीच म्हणतो, पण विचारलेलं आवडतं.

त्या साखरपुड्यानंतर मी एक ठरवलं. जिथं पावण्यांना जागा नाही, तिथं मी जायचं नाही. प्रकाशला तसं सांगितलं. तो म्हणाला, "त्या दिवशी दारात मी चुकलो." एवढंच म्हणाला, पण मला पुरलं.

प्राजक्ताच्या लग्नाला कार्यालय वेगळं होतं. दारात मॅनेजर उभे, नवीन माणूस. त्यांनी जाकीट वाचलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हात आडवा केला. "कुत्रं आत न्हाई चालत, ताई."

मी बोलणं तयार करून आणलं होतं. आजार, धोका, डॉक्टरांचं मत, सगळं क्रमानं. मी श्वास घेतला. तेवढ्यात आत्या पुढं झाल्या. पदर खोचला.

"ते आत जानार," त्या म्हणाल्या. "तुमाला चालत नसंल तर तुमी भाईर थांबा."

मॅनेजर बाजूला झाले. आम्ही चौघं आत गेलो. पानं वाढली, मी इन्सुलिन घेतलं आणि लगेच जेवायला बसले. पावणं टेबलाखाली अंग मुडपून पडले. माझ्याकडं कोणी बघत नव्हतं. मी पोटभर जेवले आणि मसालेभातात मीठ कमी पडलंय, अशी सगळ्यांसारखीच तक्रार केली.